ओसाड गावची पाटीलकी

सॉल्झबरी शहरातून निघालेली बस तुम्हांला जेमतेम तीन किलोमीटरवर एका टेकडीपाशी उतरवते आणि निघून जाते. इंग्लंडचा विल्टशर परगणा. जुलै असूनही वारा असा की छत्री उघडायची सोय नाही. टेकडीवर मातीच्या तटांची आणि खंदकांची दोन कडी, एकात एक, परातीत वाटी ठेवावी तशी. वाटीत पडक्या किल्ल्याच्या भिंती. परातीत नुसतं गवत, आणि त्या गवतात एका प्रचंड चर्चचा आराखडा, घर बांधण्याआधी फक्कीनं आखणी करतात तसा. फक्त इथे उलट झालंय. चर्च बांधून झालं, वापरून झालं, उखडून नेलं, आणि मग आखणी उरली.

गाव कुठे आहे, असं विचारू नका. ही टेकडी हेच गाव. नाव ओल्ड सेरम. १८३२ सालापर्यंत ते ब्रिटिश पार्लमेंटवर दोन सभासद पाठवत होतं.

आपल्या महसुली दप्तरात असल्या गावाला बेचिराख म्हणतात. मूळ शब्द बेचिराग. जिथे तिन्हीसांजेला दिवा लागत नाही ते. गावाच्या जमिनीचेही आपण दोन भाग करतो: घरं असतात ती पांढरी, पिकं येतात ती काळी. इथली माती खडूची आहे, बुटाला लागली तर पुसूनही डाग जात नाही इतकी पांढरी. पण त्या पांढरीवर चूल एकही नाही.

आता खिशातलं तिकीट चाचपून बघा. बोटांना काहीतरी जाड आणि खडबडीत लागेल. बाहेर काढा. चर्मपत्र आहे, घडीवर लाखेचा शिक्का, आणि त्याला मेंढीच्या कातड्याचा मंद वास. टेकडीखालची डांबरी सडक गेली. गाड्यांचा आवाज गेला. वारा तोच आहे.

साल १८०२, महिना जुलै.

कागद वाचा. जमिनीचा एक तुकडा, त्याच्या चतुःसीमा, आणि धारक म्हणून तुमचं नाव. सकाळी एका कारकुनानं तो तुमच्या हातात ठेवला आणि काम झालं की घेऊन जाईन म्हणाला. असल्या मतदारसंघांतली ही चालच आहे. मत माणसाला नसतं, जमिनीच्या काही ठराविक तुकड्यांना असतं. त्यांना बर्गेज म्हणतात. तुकडा ज्याच्या नावावर, मत त्याचं. तुकड्यावर घर पाहिजे अशी अट नाही, मतदारानं तिथे राहिलं पाहिजे अशीही नाही. सगळे तुकडे एकाच धन्याचे असले, की मतदानापुरते ते विश्वासातल्या माणसांच्या नावावर चढवायचे आणि नंतर उतरवायचे. सातबाऱ्यावर नाव लागावं म्हणून वर्षभर खेटे घातलेल्या माणसाला ही चपळाई पाहून भोवळच यायची.

टेकडी उतरून खाली या. उभ्या पिकाच्या शेतात एक एल्मचं झाड आहे, जुनं, रुंद. जुन्या गावाची शीव इथवर होती म्हणतात. झाडाखाली तात्पुरता मांडव घातलाय. मांडवात माणसं किती? मोजा. तुम्ही धरून एका हाताची बोटं संपतात, दुसऱ्या हाताची एक-दोन लागतात. त्यांत सॉल्झबरीच्या कॅथीड्रलचा एक धर्मगुरू आहे, आसपासच्या वाड्यांतले दोन-तीन शेतकरी आहेत, आणि निवडणूक अधिकारी म्हणून बेलिफ. बेलिफच्या हातात वरून आलेला हुकूम. तो घसा साफ करतो आणि खणखणीत आवाजात वाचतो. समोर हजार माणसं असती तरी ऐकू गेलं असतं. एक चंडोल उडतो, बाकी कुणी हलत नाही.

मग तो दुसरा कागद काढतो. निवडणुकीत लाच देण्या-घेण्याविरुद्धचा कायदा. मतदानाआधी तो मोठ्यानं वाचलाच पाहिजे, असा त्याच कायद्याचा दंडक. एका मालकानं आपल्या जमिनी नावावर चढवून उभ्या केलेल्या मतदारांना बेलिफ, एक कलम न गाळता, मत विकू नका असं बजावतो. तुमच्या बाजूचा म्हातारा टोपी काढून आदरानं ऐकतोय.

"काय पाहुणे, नवीन दिसताय," तो हळूच म्हणतो.

"हो. तुम्ही किती वेळा मत दिलंत, आजोबा?"

"दर वेळी बोलावतात, दर वेळी येतो. मोजलं नाही."

"दोनपेक्षा जास्त उमेदवार कधी उभे राहिलेले पाहिलेत?"

म्हातारा मांडवाबाहेर बोट दाखवतो. "ते झाड माझ्यापेक्षा जुनं आहे. त्याला विचारा."

धर्मगुरू उठतो आणि दोन नावं सुचवतो: निकोलस व्हॅन्सिटार्ट आणि हेन्री अलेक्झांडर. दोघांपैकी कोणी इथे दिसत नाही, आणि कुणाला त्याचं काही वाटतही नाही. बेलिफ विचारतो, आणखी कोणी उमेदवार? एकदा. दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा. प्रत्येक वेळी तो खरोखर थांबतो आणि शेतावरून नजर फिरवतो. गव्हातून कुणीतरी हात वर करील अशी आशा त्याला असावी, निदान तसं दाखवायची सवय तरी. दोघे बिनविरोध निवडून आले. टोप्या हवेत. मांडवाच्या दोऱ्या लगेच सुटायला लागतात.

कागद परत द्या. कारकून तुमच्या मागेच उभा आहे.

हे धनी कोण? गेली एकशेदहा वर्षं पिट घराणं होतं. यंदा, १८०२ मध्ये, अर्ल ऑफ कॅलेडननं हा मतदारसंघ विकत घेतला, आणि किंमत साठ हजार पाउंड दिल्याचं बोललं जातं. जमिनीचं वार्षिक उत्पन्न फार तर सातशे पाउंड. आपल्याकडे ओसाड गावची पाटीलकी म्हणजे फुकाचा मान. पागोटं आहे आणि मुजरा करायला कुणी नाही. इथे गणित उलटं बसलं. गाव ओसाड होतं म्हणूनच पाटीलकी महाग होती. माणसं असली की त्यांना बिअर लागते, जेवणावळी लागतात, पोराला नोकरी लागते, आणि एवढं करूनही ती ऐनवेळी फिरतात. पाचच वर्षांनी यॉर्कशरच्या निवडणुकीत दोन बड्या घराण्यांनी प्रत्येकी लाखाच्या घरात पाउंड उडवल्याचं सांगतात, आणि त्यातला एक उमेदवार तरीही पडला. ओल्ड सेरमच्या गवताला काही लागत नाही. मेंढ्या मत फिरवत नाहीत.

मग मुळात या गवताला दोन जागा दिल्या कुणी? त्यासाठी पुन्हा टेकडी चढावी लागेल, आणि या खेपेस प्रत्येक वळणावर शतक मागे पडेल. १६६८ च्या वळणावर घोड्यावरून जाणारा एक गृहस्थ भेटतो, लंडनच्या आरमार कचेरीतला सॅम्युएल पीप्स; रोजनिशी लिहिणारा तोच. रात्री हे अजस्र तट बघून तो घाबरला होता. त्याला जाऊ द्या. त्याच्याही आधी, बरंच आधी, तटाच्या आत दिवे दिसू लागतील.

तेराव्या शतकाच्या सुरुवातीला इथे गाव आहे. किल्ल्यात राजाचे शिपाई, तटाखाली पाद्री, आणि दोघांचं एकमेकांशी अजिबात पटत नाही. याच टेकडीवर १०८६ साली विल्यम द काँकररनं देशभरचे जमीनदार गोळा करून निष्ठेच्या शपथा घेतल्या. इथलं पहिलं कॅथीड्रल १०९२ मध्ये वापरात आलं आणि पाचच दिवसांत वादळानं त्याचं छप्पर उडवलं. तेव्हापासून पाद्र्यांचं रडगाणं चालू आहे. पाणी नाही. शिपाई दारं अडवतात. आणि वारा असा की प्रार्थनेत शेजारच्याचं गाणं ऐकू येत नाही. ही तक्रार थेट पोपपर्यंत गेली आणि मान्य झाली. २८ एप्रिल १२२० रोजी खाली एव्हन नदीकाठच्या कुरणात नव्या कॅथीड्रलची पायाभरणी झाली. पाद्री उतरले, त्यांच्यामागे बाजार उतरला, बाजारामागे माणसं. मग जुन्या कॅथीड्रलचे दगडही गाड्यांतून उतरायला लागले. तुम्ही तटावर उभे राहून बघता तेव्हा बैलांची रांग एकाच दिशेनं चाललेली दिसते. रिकाम्या गाड्या तेवढ्या वर येतात.

आणि याच उतरणीला लागलेल्या गावाला १२९५ साली राजा पहिल्या एडवर्डचा हुकूम येतो, पार्लमेंटला दोन माणसं पाठवा. पुढे चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून हे नियमित झालं. त्या काळी हा मान वगैरे नव्हता, भुर्दंड होता. सभासदाचा दिवसाचा भत्ता गावानंच भरायचा. कितीतरी गावं आम्हांला यातून वगळा म्हणून विनवण्या करत. नंतर मात्र हवा पालटली, पार्लमेंटच्या हाती खजिना आला, आणि जे ओझं होतं त्याचं वतन झालं. गाव उठून गेलं तरी वतन उठत नाही, हे मराठी माणसाला काय समजावून सांगायचं? आपल्याकडेही पाटीलकीची खरेदीखतं होत, भावाभावांत हिस्से पडत. एवढंच की आमच्या पाटलाला कोणी बादशहाच्या दरबारात करावर मत द्यायला बसवलं नाही.

आता डोळे मिटा. वारा पडतोय. कपाळावर घाम येतोय.

मद्रास, सेंट जॉर्जचा किल्ला, १७०२ च्या आसपास. मेजाच्या एका बाजूला ईस्ट इंडिया कंपनीचा गव्हर्नर थॉमस पिट बसलाय, दुसऱ्या बाजूला जमचंद नावाचा हिऱ्यांचा व्यापारी. मधे कापडावर एक खडा. चारशे दहा कॅरटचा, न कापलेला, मध्यम लिंबाएवढा. तुम्ही वाकून बघितलंत तर वाटेल, याच्यात काय आहे? बर्फाचा मळकट तुकडा. तो कोल्लूरच्या खाणीतून आला, कृष्णाकाठच्या. महाबळेश्वरला गायमुखातून ओंजळीत घेता ती, वाईच्या घाटावर पाय सोडून बसता ती, तीच कृष्णा. जमचंदनं सुरुवात दोन लाख होनांनी केली. पिट पाठ फिरवतो, जमचंद निरोप घेतो, पुन्हा येतो. ही घासाघीस महिनोन्महिने चाललीय, आणि शेवटी अठ्ठेचाळीस हजार होनांवर हात मिळतात.

या माणसाची कुळकथा साधी आहे. कंपनीचा मक्ता धाब्यावर बसवून हिंदुस्थानात चोरटा व्यापार केला, गबर झाला, आणि ज्या कंपनीनं त्याला पकडायचं तिनंच शेवटी गव्हर्नर नेमलं. ओल्ड सेरम मात्र त्यानं हिऱ्याच्या आधीच, १६९० च्या सुमारास, विकत घेऊन ठेवलं होतं. आधी टेकडी, मग लिंबू. मुलगा रॉबर्ट हिरा घेऊन इंग्लंडला गेला आणि १७०५ मध्ये ओल्ड सेरमचा सभासद झाला. हिरा घासून-कापून सुमारे एकशेचाळीस कॅरटचा उरला. फ्रान्सच्या राजप्रतिनिधीनं तो १७१७ मध्ये एक लाख पस्तीस हजार पाउंडांना घेतला. पुढे तो नेपोलियनच्या तलवारीच्या मुठीत बसला, आणि आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात काचेमागे आहे. तिथे पाटीवर रिजंट असं नाव वाचाल. कोल्लूरचे खाणमजूर आणि सेरमची गवताळ टेकडी यांचा धागा मात्र पाटीवर मावत नाही.

गंमत म्हणजे १८०२ च्या व्यवहारातली दोन नावंही याच वाटेवरची. व्हॅन्सिटार्टचा बाप बंगालचा गव्हर्नर होता. नवा मालक कॅलेडन, त्याच्या बापाचा पैसा कंपनीच्या चाकरीत हिंदुस्थानातून आलेला. ज्या पार्लमेंटमध्ये हिंदुस्थानचं भवितव्य ठरत होतं, तिथल्या दोन खुर्च्यांची किंमत हिंदुस्थानातूनच चुकती झाली होती. आपला तिथे प्रतिनिधी नव्हता, पैसा तेवढा होता.

फेब्रुवारी १७३५ मध्ये क्षणभर थांबलात तर त्याच एल्मखाली सव्वीस वर्षांचा विल्यम पिट निवडून आल्याची घोषणा ऐकू येईल. हिरेवाल्या आजोबांचा नातू. थोरला भाऊ दोन ठिकाणी निवडून आला, त्यानं दुसरी जागा ठेवली आणि ही धाकट्याला दिली, लहान झालेला कोट द्यावा तशी. हाच पुढे इंग्लंडचा मोठा पंतप्रधान झाला. आणि यानंच १७६६ मध्ये, अमेरिकेतल्या वसाहतींवर प्रतिनिधित्वाशिवाय कर लादण्याविरुद्ध बोलताना, असले मतदारसंघ म्हणजे राज्यघटनेचा कुजका अवयव आहेत, ते आपोआप गळाले नाहीत तर कापावे लागतील, असं सभागृहाला सुनावलं. लोक त्यांना रॉटन बरो म्हणत, ते उगाच नव्हे. त्याचा मुलगा, तोही पंतप्रधान, त्यानं १७८५ मध्ये तोडगा काढला: छत्तीस मतदारसंघांच्या मालकांना एकूण दहा लाख पाउंड मोबदला द्यावा आणि ते बंद करावेत. १७४ विरुद्ध २४८ मतांनी ठराव पडला.

पिट घराण्याचा शेवटचा मालक लॉर्ड कॅमलफर्ड हा माथेफिरूच. १८०१ मध्ये त्यानं इथून जॉन हॉर्न टूक याला पाठवलं. हा टूक सरकारनं राजद्रोहाच्या खटल्यात अडकवलेला आणि ज्यूरीनं सोडलेला, आयुष्यभर निवडणूक सुधारणेसाठी भांडलेला. देशातल्या सगळ्यांत सडक्या मतदारसंघातून सुधारणेचा पुरस्कर्ता! सरकारला त्याला काढायला दुसरं निमित्त सापडेना, तेव्हा तरुणपणी त्यानं घेतलेली पाद्रीपणाची दीक्षा उकरून काढली आणि पाद्र्यांना सभागृहात बसायला बंदी करणारा कायदाच केला. तो कायदा २००१ साली रद्द झाला. एका माणसाच्या रागापायी केलेली तजवीज दोनशे वर्षं टिकते, यात मला तरी आश्चर्य वाटत नाही.

मार्च १८३१. लंडनला या. लॉर्ड जॉन रसेल सुधारणेचं विधेयक मांडताना सभागृहाला सांगतोय, की आपल्या देशाची कीर्ती ऐकून कोणी परदेशी आला, आणि प्रतिनिधी कसे निवडता म्हणून त्यानं विचारलं, तर त्याला एक हिरवा उंचवटा दाखवून म्हणावं लागेल, हा दोन सभासद पाठवतो. मँचेस्टर तेव्हा लाखाच्या पुढे गेलं होतं, कापडगिरण्यांचा धूर ओकत होतं, आणि त्याला एकही जागा नव्हती. सफोकच्या किनाऱ्यावरचं डनिच समुद्रानं जवळजवळ गिळलं होतं, त्याला दोन होत्या. विधेयकाच्या बाजूनं तरुण मेकॉले झडझडून बोलला. इंग्रजी शिक्षणाच्या टिपणामुळे आपल्याला पाठ असलेला तोच मेकॉले. तो स्वतः याच विल्टशरमधल्या काल्नचा सभासद होता, आणि काल्न एका लॉर्डच्या खिशात होतं. या गोष्टीत हात स्वच्छ असलेला माणूस शोधायला गेलात तर रिकामे परत याल.

दुसऱ्या वाचनाला ३०२ विरुद्ध ३०१. एका मताचं बहुमत. तुम्ही प्रेक्षागारात पहाटेपर्यंत जागे आहात, आणि आकडा ऐकून तुमच्याही मनात तेच येतं: ओल्ड सेरमचे दोन सभासद याच मोजणीत आहेत. नंतर सरकार अडखळलं, नव्यानं निवडणूक झाली, त्या निवडणुकीतही टेकडीनं आपले दोन पाठवलेच; त्या वर्षी मतदार अकरा होते, इथे राहणारा एकही नव्हता. ऑक्टोबरमध्ये उमरावांच्या सभागृहानं विधेयक फेटाळलं तेव्हा नॉटिंगहॅमचा किल्ला जळाला, ब्रिस्टल तीन दिवस पेटलं. ७ जून १८३२ रोजी राजाची संमती मिळाली. छप्पन मतदारसंघ एका परिशिष्टात मुळापासून गेले. मँचेस्टरला दोन जागा मिळाल्या. कॅलेडनच्या साठ हजारांना, आणि कुणाच्याच हजारांना, एका पेनीचीही भरपाई नाही. १७८५ साली मालक ते दहा लाख घेऊन गप्प बसले असते तर!

डिसेंबर १८३२. नव्या कायद्याखालची पहिली निवडणूक. तुम्ही पुन्हा एल्मखाली आलात. झाडाला पान नाही, शेत नांगरलेलं, ढेकळांत खडूचे आणि गारगोटीचे पांढरे तुकडे. खाली सॉल्झबरीत निवडणुकीचा गलबला चाललाय. वाऱ्याची दिशा फिरली की कॅथीड्रलच्या घंटा ऐकू येतात, मग पुन्हा नाही. मांडव घातलेला नाही. तरी सवयीनं तुम्ही थोडा वेळ उभे राहता. म्हातारा आला असता तर बरं झालं असतं.

खिशात हात जातो. चर्मपत्र आहे. ते १८०२ मध्ये तुम्ही कारकुनाला परत दिलं होतं, मग दर निवडणुकीला हातात पडत राहिलं, दर संध्याकाळी परत जात राहिलं. लाखेचा शिक्का तडकलाय. तुम्ही ते हातात धरून बांधावर बसता आणि सडकेकडे बघत राहता. अंधार पडतो. ते परत मागायला कुणी येत नाही.